बडे बाबूची चौथी ओळ

गोंदियात बडे बाबूच्या खोलीत पाय टाकला की आधी बासरी ऐकू यायची. रेडिओ नव्हे, मोबाईल. टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासाला टेकवून उभा केलेला, स्पीकर चालू, आणि त्यातून कुठल्या तरी कंपनीच्या कस्टमर केअरची धून. मध्येच एक बाई गोड आवाजात सांगायची, "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है." ती समोरच बसली आहे अशा थाटात बाबू मान हलवायचा. मग घड्याळाकडे बघून रजिस्टरात मिनिटं लिहायचा.

एवढ्याचे पैसे घ्यायचा तो. ऑनलाइन धंदा करणाऱ्याला पेमेंट गेटवे निवडून देणं हे त्याचं काम. गिऱ्हाईक वेबसाइटवर पैसे भरतं ते थेट आपल्या खात्यात येत नाहीत, मधल्या एका कंपनीच्या हातून येतात. ती कंपनी कोणती घ्यायची, तिच्याकडे अर्ज कसा करायचा, मर्चंट अकाउंट कसं उघडायचं, हे सगळं बाबू बघायचा. बँकेतून हेड क्लार्क होऊन रिटायर झालेला. सायकलच्या दुकानामागे खोली, दोन खुर्च्या, एक पंखा. पंख्याचा वारा फक्त त्याच्या खुर्चीला लागायचा.

आता तो मुलीकडे रायपूरला गेला आहे. लोक त्याची आठवण काढताना आवाज खाली आणतात, अहोजाहो करतात, तत्त्वाचा माणूस होता म्हणतात. तोंडावर मीही अहोजाहोच केलं, इथे करणार नाही. त्या माणसाने माझे चार महिने खाल्ले. आणखीही एक गोष्ट खाल्ली, ती पुढे सांगते.

कंपन्यांची नावं तो कधी घ्यायचा नाही. धुनेवरून ओळखायचा. एक बासरीवाली, एक सतारवाली, एक खोकलेवाली. या शेवटच्या कंपनीकडे धून नव्हतीच. दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला एक माणूस फोन उचलायचा आणि बोलण्याआधी खोकायचा. बाबूच्या मते हिच्याइतकी चांगली कंपनी हिंदुस्थानात नव्हती.

"माणूस खोकते म्हणजे माणूस आहे," तो म्हणायचा. "रेट कोनीबी सांगते. पैसा अटकला का फोन कोन उचलते, ते पाय."

प्रत्येक कंपनीची तो एक रुपयाची परीक्षा घ्यायचा. कुणाच्या तरी वेबसाइटवर एक रुपया भरायचा आणि लगेच परत मागायचा. परत किती दिवसांत आला, कितीदा फोन करावा लागला, कोण नीट बोललं, सगळं रजिस्टरात. एका रुपयासाठी हा माणूस अकरा दिवस भांडलेला मी पाहिला आहे. तेवढ्या वेळात मी अकरा पोती माल विकला असता.

घरात बायको असायची, भिंतीच्या पलीकडच्या खोलीत. जेवायला चला म्हणून ती मोबाईलवर फोन करायची, कारण हाक मारली तर धुनेत ऐकू जायची नाही. बाबू तिचा फोन घ्यायचा आणि म्हणायचा, "लाइन पर रहो." मग ती लाइनवर राहायची. चाळीस वर्षं राहिली होती बिचारी.

माझं सांगते. सडक अर्जुनीला हायवेवरच्या ढाब्यावर मी रोजाने पोळ्या लाटत होते. ट्रकवाले भाजीच्या वाटीसाठी हुज्जत घालायचे, तिथे मी भाव करायला शिकले. पुढे नागझिऱ्याच्या वाटेवर स्वतःचं टेबल टाकलं आणि मोहफुलाचे लाडू विकायला लागले. फुलं सुकवायची, भाजायची, तीळ-गूळ घालून वळायची. नागपूर-पुण्याचे लोक वाघ बघायला यायचे, वाघ दिसायचा नाही, मग लाडू घेऊन जायचे. घरी गेल्यावर पुन्हा मागवायचे. मी पार्सल पाठवायचे, ते पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवायचे. एकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर पाणीपुरीवाल्याचं नाव होतं. त्याला फोन करून मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्याच दिवशी ठरवलं, वेबसाइट करायची. साइट नागपूरच्या एकाने बनवून दिली. गेटवे तुमचा तुम्ही बघा म्हणाला. सगळ्यांनी बोट दाखवलं ते बडे बाबूकडे.

पहिल्याच दिवशी फी विचारली.

"पाचशे एक. पैला रुपया तुझ्या खात्यात पडल्यावर."

"तीनशे देते."

बाबूने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मी साडेतीनशेवर आले. तो पुसतच होता. मी चारशे म्हटलं, उठून दारापर्यंत गेले, परत आले, माझ्या गरिबीचं सांगितलं, त्याच्या म्हातारपणाचं सांगितलं. वीस मिनिटांनी त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, घड्याळ पाहिलं आणि रजिस्टरात माझ्या नावापुढे वीस लिहिलं.

"पाचशे एक," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाला बाजारात उभं केल्यासारखं तपासायचा. एकदा तांदळाच्या मिलचा एक मालक आला. मोठी गाडी, हातात दोन फोन, वेबसाइट चाळीस हजारांची. बाबूने साइट उघडली आणि 'संपर्क' वाल्या पानावरचा नंबर लावला. मालकाचे दोन्ही फोन गप्प. साइटवाल्याने नमुन्याला टाकलेला नंबर तसाच राहिला होता, एक ते नऊ आणि शेवटी शून्य. मालक हसून म्हणाला, "अरे बाबूजी, चलता है." बाबू म्हणाला, "गिऱ्हाईक कुठं फोन करन? देवाले?" आणि त्याची फाईल परत सरकवली. एवढी मोठी पार्टी हातची घालवली. मी असते तर नंबर बदलून घेतला असता आणि फी दुप्पट लावली असती.

मलाही त्याने सोडलं नाही. माल परत घेण्याचे नियम साइटवर हवेतच, कंपनी आधी तेच बघते, म्हणाला. लोक दुसऱ्याच्या साइटवरून उचलतात. बाबूने मला कोरा कागद दिला.

"तुज्या मनानं लिव. दुसऱ्याचं लिवलेलं तुले भांडताना आठवनार नाही."

मी लिहिलं, 'खाल्लेला लाडू परत घेतला जाणार नाही.' बाबूने वाचलं, पुन्हा वाचलं.

"अर्धा खाल्ला असन तर?"

त्या अर्ध्या लाडवावर आम्ही एक अख्खी दुपार काढली.

भाव मात्र मी माझ्या पद्धतीने केला. सतारवालीचा विक्रेता दोन टक्के म्हणत होता. मी त्याला सांगितलं की खोकलेवाली दीड देते. खोकलेवालीला मी तोवर फोनही केला नव्हता. पावणेदोनवर आणला गड्याला. बाबू तेवढा वेळ दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता, बायकांच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखा.

आणि मग तो अर्ज.

अर्जात एक रकाना असतो, 'तुम्ही काय विकता?' उत्तराला अर्धा इंच जागा. बाबूने तिथे 'सोबत जोडले आहे' असं लिहिलं आणि चार पानं जोडली. बँकेतलं इंग्रजी, नम्र निवेदन वगैरे. वाचून दाखवा म्हटलं तर मराठीत सांगत गेला. पहिल्या ओळीत माझं नाव आणि गाव. दुसरीत मोहाचं झाड. तिसरीत फूल. चौथी ओळ अशी होती: 'या फुलापासून दारूही काढली जाते.'

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"बाबू, हे कायले लिवलं?"

"खरं आहे म्हनून."

"कंपनीत अर्ज पायनारी पोरगी बंगलोरला बसली आहे. तिले मोहा का असते हेच मालूम नाही. तुमी घरी जाऊन सांगून राहिले?"

"आज आपन सांगतलं, तर आपन सांगतलं. उद्या तिनं शोधलं, तर तिनं पकडलं."

"ते कोन शोधते? आपन सुका मेवा लिवू."

"सुका मेवा आहे का?"

"सुका तर आहे."

बाबूने चष्मा काढला. तो पुसायला लागला की मला कळायचं, आता हा माणूस हलणार नाही.

बासरीवालीने दोन दिवसांत नाही म्हटलं. कारण: मद्य व मद्यजन्य पदार्थ. तिसऱ्या एका कंपनीने कारणही दिलं नाही. खोकलेवाल्याने महिनाभर कागद मागितले, मग खोकून नाही म्हटलं. मद्यजन्य. आमच्याकडे लहान पोरं मोहफुलं खिशात घालून शाळेत जातात, आणि यांच्या लेखी मी भट्टी लावणारी. चैत्रात सुकवलेली फुलं डब्यात, साइट तयार, 'पैसे भरा' हे बटण मेलेलं. असे चार महिने गेले. बाबू प्रत्येक नकारानंतर नवा अर्ज करायचा आणि त्यात चौथी ओळ तशीच ठेवायचा. सतारवालीकडे मात्र अर्ज करायलाच तयार नव्हता.

पाचव्या वेळी मी भांडले आणि उठले.

बाजारपेठेत दुसरा एक होता. काचेचं दार, एसी, 'आइए दीदी'. त्याने दहा मिनिटांत अर्ज भरला. रकान्यात लिहिलं, मिठाई व सुका मेवा. साइटवरून मोहा शब्द काढायला लावला, लाडवांचं नाव वनफूल ठेवलं. सतारवाली, पावणेदोन टक्के. दोन दिवसांत बटण जिवंत. फीमध्ये शंभर रुपये कमीही केले.

मी लाडवांचा डबा घेऊन मुद्दाम बाबूकडे गेले.

"घ्या बाबू, वनफूल."

त्याने एक खाल्ला. "मोहाचा आहे," म्हणाला. "चांगला झाला." मग बोटं पुसून विचारलं, "सतारवालीले फोन लावून पायला का?"

"फोन लावाले मी का रिकामी आहो?"

त्याने रजिस्टर मिटलं. डबा मात्र ठेवून घेतला.

राखीला ऑर्डरींचा पूर आला. भावांना लाडू पाठवायचं पुण्याच्या बायकांना कोणी सुचवलं देव जाणे. केशोरीकडच्या नऊ बायका माझ्याकडे लाडू वळत होत्या. दिवस रोवणीचे, भातलावणीचे. धानाच्या बांधीत त्यांना रोज जास्त मिळालं असतं आणि संध्याकाळी हातात मिळालं असतं. मी त्यांना शब्द दिला, पोळ्याच्या आत सगळी मजुरी, रोवणीपेक्षा वर. मालाचा भाव मी घासून घेते, डब्यांचा घासून घेते, मजुरी घासत नाही. मी स्वतः रोजाने राहिलेली आहे. माझ्याकडचा होता नव्हता तो पैसा डबे आणि कुरिअरमध्ये गेला, कारण विकल्याचे पैसे दोन-तीन दिवसांत खात्यात पडणारच होते.

पहिले दोन-चारदा पडले. मग एका सद्गृहस्थाने आमच्या साइटवर अभिप्राय लिहिला: 'वनफूल म्हणजे मोहाचेच लाडू असं कळलं, म्हणून उत्सुकतेने मागवले. सहा खाल्ले. नशा काहीच आली नाही. चव छान.' वर पाच तारे.

दुसऱ्या दिवशी सतारवालीचा मेल. चौकशी चालू आहे, तोवर खात्यातली रक्कम रोखली आहे, सहा महिनेही लागू शकतात. काचेच्या दारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "वो मैटर कंपनी का है दीदी." पुढे त्याने माझा फोन घेणं बंद केलं.

राखी ते पोळा मोजून पंधरा दिवस. त्यांतले चार मी सतारवालीच्या मेलला मेल करण्यात घालवले. उत्तर प्रत्येक वेळी तेच, शब्दाला शब्द. पाचव्या दिवशी केशोरीहून एकीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट.

"ताई, पैसे नसन तर नाही म्हन. रोवना अजून संपला नाही. आठ दिवस भेटतीन आमाले."

मी म्हटलं, पोळ्याच्या आत. फोन ठेवला आणि गोंदियाची बस धरली.

बाबू 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर काढलं, सतारवालीचं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. सत्तेचाळीस मिनिटं. एक तास दहा. बावन्न. लागला नाही. लागला नाही.

"सकाळी दहाच्या आत बारी लवकर येते," तो म्हणाला. "उद्या नऊले ये."

तीन दिवस मी त्या पंख्याबाहेरच्या खुर्चीत बसून सतार ऐकली. तो एकच तुकडा, वर चढायचा आणि संपायच्या जागी पुन्हा सुरू व्हायचा. फोन कट झाला की बाबू न चिडता पुन्हा लावायचा. मी चिडायचे. दुसऱ्या दिवशी मी त्या ग्लासासकट मोबाईल उचलून भिंतीवर मारणार होते, बाबूने फक्त एवढंच म्हटलं, "मग केशोरीले का सांगशीन?"

तिसऱ्या दिवशी साडेनऊला सतार थांबली आणि एक पोरगी बोलली. बाबूने केस नंबर सांगितला, तारखा सांगितल्या, एकही कागद न बघता. पोरीने फाईल उघडली.

"सर, बिज़नेस मिठाई का लिखा है और रिव्ह्यू में नशे की बात है. प्रोडक्ट में क्या है?"

बाबूने मोबाईल माझ्याकडे सरकवला. "तू बोल. धंदा तुजा आहे."

मी खजूर सांगणार होते. बसमध्येच ठरवून ठेवलं होतं, खजूर. पण पुढे ती विचारेल कुठला खजूर, कुठून घेतला, बिल कुठे, आणि पोळा सहा दिवसांवर.

"मोहा है," मी म्हटलं. "जंगल का फूल. सुखाके, भूनके, तीळ-गुड डालके लड्डू. नशा नहीं होता. छह खाओ तो भी नहीं होता, आपके सामने लिखा है."

"लेकिन मॅडम, मोहा से तो शराब बनती है."

माझं डोकं तिथे सटकलं.

"बनती है. अंगूर से नहीं बनती क्या? आपके यहाँ किशमिश बेचनेवाले का पैसा कौन रोकता है? चावल से भी बनती है. तो पूरा गोंदिया बंद कर दो ना, यहाँ हर गली में राइस मिल है. शहरवालों का अंगूर मेवा, और हमारा फूल दारू?"

आणखीही बोलले. बाबूचे दोन्ही हात कानांवर जायला निघाले होते, ते मध्येच थांबले. पलीकडे पोरगी काहीतरी टाइप करत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "ये किशमिशवाली बात लिखके भेज दीजिए. साथ में फूड लाइसेन्स और लॅब का रिपोर्ट. मैं आगे भेजती हूँ."

दोन्ही कागद माझ्याकडे होते, नागझिऱ्याच्या टेबलापासून होते. बाबूने जुनी चार पानं काढली. मला वाटलं आता तरी ती ओळ खोडेल. त्याने खोडली नाही. तिच्यापुढे जोडली: 'या फुलापासून दारूही काढली जाते, जशी ती द्राक्षापासून व तांदळापासून काढली जाते, तथापि मनुके व तांदूळ यांच्या विक्रीस हरकत घेतली जात नाही.' आणि खाली एक परिच्छेद, की अर्जात मिठाई लिहिणं ही माझी चूक होती. त्या परिच्छेदावर आमचं पुन्हा वाजलं. सही मी केली, पण शिव्या देत केली.

पोळ्याच्या दोन दिवस आधी पैसे सुटले. सतारवालीने सोबत माझं खातंही बंद केलं, चुकीची माहिती दिल्याबद्दल, कायमचं. बाबूने तीच पानं खोकलेवालीला पाठवली. आता ओळ पुरी होती. महिन्याभरात खातं उघडलं, दोन टक्के, एक पैसा कमी नाही. अजून तिथेच आहे. तो माणूस अजून खोकतो.

आता ती दुसरी गोष्ट, जी बाबूने खाल्ली. पुढच्या वर्षी देवरीकडचा एक जण भेटला, जांभळाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, विकणारा. त्यालाही मद्यजन्य म्हणून नकार आला होता, आणि बाबूने त्याचं काम करून दिलं होतं. अर्ज पाहिला तर चौथी ओळ माझी. द्राक्ष, तांदूळ, मनुके, सगळं. मी तडक गोंदियाला.

"ओळ माजी आहे. अर्धी फी द्या."

"लिवली कोनं?"

"तुमी. पन बोलली मी."

"बोललेलं हवेत जाते. लिवलेलं फाइलीत राहते," बाबू म्हणाला आणि फोन लावला.

त्यानंतर त्याने ती ओळ किती जणांना विकली, त्याचा त्याला माहीत. मला त्यातला एक रुपया मिळाला नाही. चार पानांत कामाची ओळ एकच होती आणि ती माझ्या तोंडून निघाली होती, हे मी आजही कुणाशीही भांडून सिद्ध करू शकते.

पैसे सुटले त्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी मी केशोरीला गेले होते. विहाराच्या ओट्यावर बसून एकेकीचं नाव वाचत होते, पैसे देत होते. सगळ्यांत म्हातारी जी होती, तिने नोटा दोनदा मोजल्या आणि कमरेला लुगड्याच्या केळात खोचल्या.

"कोनं सोडवले वो ताई पैसे?"

"मी सोडवले," मी म्हटलं. "अशी बोलली त्या कंपनीवालीले, का तिची बोलती बंद."

"बरं केलं," म्हातारी म्हणाली. ती उठली, गुडघ्यावर हात देऊन जरा उभी राहिली.

"पन तू तं म्हनत होती, कंपनीवाले फोनच उचलत नाहीत. मग लावला कोनं?"

मी यादीतलं पुढचं नाव वाचलं.